बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बर्फाची ट्रायल

“ह्ये घालून बर्फात माणूस पडत न्हाई, आसं लिहून देता का शेट?”

हवालदारांनी बूट काउंटरवर उलटा ठेवला आणि दार वाजवावं तसं सोलवर टकटक केलं.

विश्रामबागेत माझं चपला-बुटांचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. शाळेचे काळे बूट, लग्नाच्या मोजड्या, उसाला पाणी पाजताना लागणारे गमबूट, पाचगणीला शिकणाऱ्या पोरांचे ट्रेकिंगचे बूट, यातलं काहीही डोळे मिटून काढून देईन. बर्फ मात्र मी आजवर फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

हे हवालदार नवरा-बायकोला आधीच सांगायला हवं होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो, “स्नो बूट ना? मागवून देतो की. त्यात काय!” दुकानदाराच्या तोंडातून ‘नाही’ निघत नाही. हा आमचा धंद्याचा आजार आहे.

हवालदार इस्लामपूरजवळचे. पलटणीतून निवृत्त झालेले, आता ऊस बघतात. सोबत त्यांच्या पत्नी, सुलोचनावहिनी. त्यांची रूपाली मॉन्ट्रियलला असते. जानेवारीत बाळंत होणार होती. हवालदारांच्या उसाला नेमकी तेव्हाच तोड, म्हणजे वहिनी एकट्याच जाणार. रूपालीला डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितलेली, जावई दिवसभर कामावर. औषध असो की दूध, आणायचं वहिनींनीच, बर्फातून चालत.

आणि वहिनी मागच्या पावसाळ्यात गोठ्यात घसरून मनगट मोडून बसल्या होत्या. त्यामुळे लेकीनं फोनवर सुनावलं होतं, “आई, नीट बूट मिळाले तरच ये. इथं येऊन पडलीस तर आधी तुझं करायचं की बाळाचं? नाहीतर तिकीट रद्द करते.”

वहिनी मला तेव्हाच म्हणाल्या होत्या, “शेट, पायताणापायी लेकीचं बाळंतपण चुकलं आसं हुईल बगा.”

तर ते बूट आता काउंटरवर होते. मरून रंगाचे, घोट्याभोवती मऊ फर, छोटीशी टाच. खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. मी त्या चित्रावर विश्वास ठेवला होता.

“माझंच बूट घाल म्हटलं तर आयकत न्हाई,” हवालदार म्हणाले. “काश्मिरात म्या त्येच्यावर हिवाळं काढल्यात.”

“तुमचा नंबर नऊ, माझा पाच,” वहिनी म्हणाल्या. “त्यात मी दोनदा मावंन.”

लिहून मागितल्यावर मात्र माझा कणा ताठ झाला. “लिहून कशाला? करून दाखवतो. बर्फावर चालवूनच देतो.”

बोलून गेलो. मग विचार केला, सांगलीत बर्फ कुठला?

सांगलीत बर्फ नसला तरी थंडी साठवून ठेवलेली असते. तासगाव रस्त्यावर माझे मित्र शिवाअण्णा यांचं कोल्ड स्टोरेज आहे. द्राक्षाचे बेदाणे झाले की शेतकरी ते अशा ठिकाणी ठेवतात, भाव येईपर्यंत. अण्णांना फोन केला.

“अण्णा, तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बूट ठेवायचेत. रात्रभर.”

“काय रं गड्या, बुटाला पण भाव येतोय व्हय आता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथं. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून अण्णांच्या माणसांनी पोत्यावर एका ओळीत मांडल्या होत्या. वहिनींच्या मरून जोडासोबत त्याच सोलचा एक पुरुषी जोड मी स्वतःसाठी रात्रभर ठेवला होता. दुकानदारानं आधी स्वतः चालून दाखवलं की गिऱ्हाइकाला धीर येतो.

मी बूट चढवले, हात मागे बांधले, आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखा लादीवर पाय ठेवला.

पुढचं मला छत दिसलं.

अण्णा इतके हसले की त्यांना बेदाण्याच्या खोक्यावर बसावं लागलं. हवालदारांनी मात्र शांतपणे मला उठवलं आणि म्हणाले, “बरं झालं लिहून घेतलं न्हाई.”

कमरेपेक्षा इज्जत जास्त दुखत होती. पण धंदा कळणाऱ्या माणसानं पडल्यावर आधी सोल बघावा. मी बूट काढून अंगठ्यानं सोल दाबला. स्टीलच्या ताटासारखा टणक. दुकानात हाच सोल छान दबत होता. चूक कळली. हा सोल पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा. गारठला की कडक होतो, आणि कडक सोल बर्फाला धरत नाही, त्याच्यावरून निसटतो. चांगलं रबर थंडीतही बऱ्यापैकी मऊ राहतं. हे मला पाठ होतं. पण आमच्या सांगलीत सोल वितळण्याची भीती असते, गोठण्याची नाही.

तेवढ्यात वहिनी खुर्चीवर बसून त्यांचे बूट काढताना दिसल्या. त्या लादीपर्यंत गेल्याच नव्हत्या, तरी चेहरा ओढलेला. जाड लोकरी मोजा उतरवला तर जोडव्याशेजारचं बोट लालभडक.

“वहिनी, दुकानात दोनदा विचारलं होतं, कुठं टोचतंय का. का नाही सांगितलंत?”

“तुमी म्हनला आसता, जोडवी काडा.”

“मग काढून ठेवायची गं म्हयनाभर,” अण्णा म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडं बोट केलं. “ह्ये धडधाकट उभं हायत की हितं!”

हवालदार धडधाकट असल्यामुळे जरा ओशाळले.

ही माझी दुसरी चूक. बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बेततात त्याला आम्ही लास्ट म्हणतो. बायकांचा लास्ट पुढं निमुळता असतो, नाजूक दिसावा म्हणून. त्यात जन्मभर उघड्या चपलेत पसरलेला पाय, वर जाड मोजा, वर जोडवं. बोटं आवळली की रक्त फिरत नाही, आणि मग कितीही फर लावा, पाय गारच. मी लांबीचं माप घेतलं होतं. रुंदीचं नाही. इतकी वर्षं जोडवी घातलेल्या पायांना चपला विकल्या, पण चपलेत जोडवं मोकळं असतं, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही.

घरी जाऊन कमरेला शेक घेत मी आग्र्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो परदेशात माल पाठवणाऱ्यांपैकी.

“भाईसाब, लेडीज में चौड़ा पंजा नहीं आता,” तो म्हणाला.

“तो जेंट्स दो. सबसे छोटा. रबर सोल, अंदर ऊन. चौड़ा लास्ट.”

“लेडीज कस्टमर को जेंट्स? पहनेगी?”

“वो मेरा सिरदर्द है.”

डोकेदुखी आठवड्यानं पार्सलातून आली. काळे, जाडजूड, पुढून बेडकाच्या तोंडासारखे रुंद. बाजूला चेन.

“ह्ये गड्यांचं बूट हायत,” वहिनी म्हणाल्या.

“होय.”

“आन् म्या लुगड्याखाली घालायचं?”

“वहिनी, बर्फाला बाई-गडी कळत नाही.”

त्यांनी पाय घातला. बोटं हलवून बघितली. मग दुसरा बूट स्वतःच ओढला. मी समजलो.

हा जोड रात्रभर बेदाण्याशेजारी झोपला. सकाळी अंगठ्यानं सोल दाबला. दबला. या खेपेला मी आधी चाललो नाही. पायात येत नव्हते हे एक कारण, दुसरं अण्णांना ठाऊक होतं.

वहिनींनी लुगडं घोट्याच्या वर खोचलं, लादीसमोर उभ्या राहिल्या आणि एकदम मागे वळल्या. खोक्यावरची एक बेदाण्याची पिशवी उचलली, छातीशी धरली.

“आवं, हे काय?” मी ओरडलो.

“मोकळ्या हातानं चालून काय करू? नातवंडाला घिऊन चालायचंय मला.”

“ए ताई, पडलीस तर पडलीस, माल सांभाळ,” अण्णा म्हणाले. पण हसू गेलं होतं.

पहिली लादी. दुसरी. अख्खं पाऊल टेकत, पाणी पाजलेल्या रानातून चालावं तशा. मध्यावर टाच किंचित सरकली. हवालदारांचा हात आपोआप पुढे गेला. वहिनी थांबल्या, पिशवी सावरली आणि शेवटच्या लादीवरून उतरल्या. मग आपणहून वळल्या आणि परत चालत आल्या.

खोटं कशाला सांगू, बर्फावर अजिबात न घसरणारा बूट अजून कुणी बनवलेला नाही. हा कमी घसरणारा होता, आणि घालणारीला सावरायला वेळ देणारा. तेवढं पुरतं. त्या दिवशी मी दुकानापर्यंत स्कूटरवर शिट्टी वाजवत गेलो.

जायच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा, आणि बूट काही मावेनात. मी सुचवलं, “बुटाच्या आत पोकळी असते. लाडवांची पिशवी त्यात बसवा.”

“बाळंतिणीचं खानं पायतानात? शेट, तुमाला आई न्हाई व्हय?”

मग योग्य तो सल्ला दिला. जड बूट नेहमी पायात घालूनच विमानात बसावं, बॅगेत जातील त्या घरातल्या सपाता. सांगलीच्या उन्हात वहिनी काळे बूट घालून निघाल्या. हवालदार म्हणाले, गल्लीत लोकांना वाटलं हिचीच भरती झाली.

फेब्रुवारीत हवालदार दुकानात आले ते मोबाइल पुढे धरूनच. पलीकडे वहिनी. मागे पांढरंशुभ्र अंगण, आणि छातीशी, पिशवी धरली होती अगदी तशीच, टोपडं घातलेली नात.

“शेट! जावई पडलं!”

“अरे देवा! लागलं का?”

“न्हाई वं. दवाखान्यातनं आलो आन् दारातच. साताऱ्याचा गडी, तिकडचं म्हागाचं बूट, सटकून आडवा. बाळ माज्याकडं हुतं. मी हाय तशी उभी.”

कॅमेरा खाली वळला. बर्फात रुतलेले दोन काळे, बेडूकतोंडे बूट. मी ते दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवले, चपलेचा अंगठा शिवायला आलेल्यालासुद्धा.

हवालदारांनी मोबाइल खिशात ठेवला. “आता लिहून न्हाई दिलं तरी चालंल.”

यंदा परदेशी निघालेल्या चार आया माझ्याकडं आल्या. त्यांच्या पायाचं माप मी जोडव्यासकट, मोज्यासकट घेतो, आणि जोड आधी बेदाण्यात झोपवतो. बर्फ न पाहिलेल्या माणसानं बर्फाचे बूट खुशाल विकावेत. फक्त पहिल्यांदा पडायचा मान दुकानदारानं गिऱ्हाइकाला देऊ नये.