जातीप्रमाणे लावलेले वाटे

मी सोलापूरकडची. सातवीत शाळा सुटली, आणि पुढे कामासाठी मालवणात, काकींच्या खाणावळीत आले. काकी सकाळी मासळी विकायच्या, दुपारी जेवण वाढायच्या. त्यांनी मला आसरा दिला म्हणून मी कधी त्यांचा शब्द मोडत नसे.

२००६च्या आसपास एक संशोधक मॅडम आमच्याकडे उतरल्या. मोठ्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर बटणाएवढ्या फुलांसारखे प्राणी चिकटलेले असतात, पोवळ्यांचे भाऊबंद. मॅडम प्रत्येक झुपक्याचा छोटा तुकडा कापून वेगळ्या पिशवीत घालायच्या, आत पेन्सिलीने आकडा लिहिलेली चिठ्ठी. मी बादली धरायचे. त्या मला ‘ताई’ म्हणायच्या. आजवर मला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

कामाच्या शेवटच्या दिवशी त्या फोन करायला बाजारात गेल्या. जाताना म्हणाल्या, “ताई, हे स्पिरिटच्या बाटल्यांत भरून ठेवा, आलेच.”

मी एकेक पिशवी उघडून तिच्यातला तुकडा चिठ्ठीसकट वेगळ्या बाटलीत घालत होते. काकी मागे येऊन उभ्या राहिल्या.

“असा कित्या भरतंस गो? मासळीचे वाटे कसे लावतंत, ता अजून शिकलंस नाय? जातीप्रमाणा लाव.”

मला पटलं. हिरवे सगळे एका मोठ्या बाटलीत, तपकिरी दुसरीत. भिजलेल्या चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. बाटल्या पुसून खिडकीत मांडल्या.

मॅडम आल्या, बघत राहिल्या, मग पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बाहेरून सारखे दिसतात ना, ताई, पण त्यांच्या पोटात शेवाळ राहतं,” त्या म्हणाल्या. “त्यावरच ते जगतात. ते शेवाळ प्रत्येकात एकाच वंशाचं असतं की निरनिराळं, हेच बघायचं होतं. पाणी तापलं की कोण तगेल आणि कोण पांढरं पडेल, ते बरंचसं त्यावर असतं. आता कुणाचं कुठलं, कसं सांगणार?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची कुडाळहून गाडी. सकाळी मी त्यांना न सांगता, नवे तुकडे कापून आणायला चाकू घेऊन निघाले. ओहोटी होती, पण वारा फिरला होता आणि खडकांवर लाटा फुटत होत्या. मला पोहता येत नाही, आमच्याकडे विहिरीलाही पाणी नसायचं. छातीपर्यंत गेले आणि पाय सुटले. काकी किनाऱ्यावरून धावत आल्या, लुगड्यासकट पाण्यात शिरल्या.

“वर ये गो. दर्याक तुजी मॅडम म्हायत नाय.”

मॅडम त्या दोन बाटल्याच घेऊन गेल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते, “डबा खाऊन घ्या.”

पावसाळ्यानंतर त्यांचं पत्र आलं. तपकिरी तुकड्यांच्या बाटलीत शेवाळाचे दोन-तीन वंश सापडले होते, पण कुठल्या झुपक्यातले ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा यायला परवानगी मिळाली नव्हती. ‘चूक आमची झाली’, त्यांनी लिहिलं होतं. आमची.

“काय लिवल्यानी गो?” काकी मासे कापता कापता म्हणाल्या.

“बऱ्या आहेत,” मी म्हटलं.