सिरक्याची साय

नामपूरच्या स्टँडवर मी नाशिक गाडीत खिडकीशी बसले, तेव्हा माझ्या मांडीवर एक तपकिरी चिनी मातीची बरणी होती आणि खिडकीखाली माय उभी होती. चौऱ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. लग्नाला सहा महिने झाले होते, सासर गावातलंच होतं, त्यामुळे माहेर सुटल्याचं मला तोवर कळलंच नव्हतं. अंबडच्या एका कारखान्यात हे पर्मनंट झाले, तिथेच खोली घेतली आणि मला न्यायला आले. पेटी, गाद्या, स्टोव्ह सगळं टपावर चढलं. बरणी मात्र मायने कुणाला हात लावू दिली नाही.

"तळ रिता करू नको, बेटी," ती खालून सांगत होती. "एक वाटी राहू दे. त्या वाटीवरच पुढला सिरका व्हस."

मी "हो, हो" म्हणत होते, कारण आजूबाजूचे लोक बघत होते. गाडी हलली, पहिल्याच खड्ड्यात फडक्यातून चार थेंब माझ्या नव्या साडीवर आले आणि कंडक्टर म्हणाला, "ताई, लोणचं सांडलं वाटतं." मला इतकी लाज वाटली की देवळा गाव येईपर्यंत मी बरणी पदराखाली झाकून बसले. मायला मी मान वळवून नीट पाहिलंसुद्धा नाही.

ज्यांनी आमचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दोन एकर द्राक्षं होती. माल उतरला की घडातून गळालेले, फुटके मणी राहतात. ते कुणी घेत नाही. माय ते मणी पातळ कापडातून पिळायची आणि रस बरणीत ओतायची. बरणीच्या तळाशी गेल्या वर्षीचा वाटीभर सिरका, म्हणजे द्राक्षाचं व्हिनेगर, असायचा आणि त्यावर एक जाड, गुळगुळीत, खोबऱ्याच्या ओल्या सालीसारखा थर. त्याला ती साय म्हणायची. मालेगावहून साड्या विकायला येणाऱ्या एका बाईने तिला तिच्या तरुणपणी ती दिली होती, सिरका हा शब्दही आमच्या घरात त्या बाईकडूनच आला. साय जिवंत असते, असं मायचं म्हणणं होतं. तिला गोड रस लागतो, वारा लागतो, आणि लोखंड चालत नाही. त्यामुळे बरणीत फक्त लाकडी डाव जायचा.

रस आधी फसफसायचा. त्या दिवसांत गोठ्याकडून जाताना चांगलाच वास यायचा आणि माझे वडील, आबा, गळ्यात तुळशीची माळ, लांबूनच विचारायचे, "आते औषध शे का दारू शे?" माय म्हणायची, "आते तुमच्या कामाचं नाही." पुढे पावसाळ्यापर्यंत तो आंबून स्वच्छ सिरका व्हायचा. दसरा झाला की त्यातला थोडा वेगळा काढून त्यात ठेचलेलं आलं, लसूण, तुळस, अडुळशाची पानं, ओवा, मिरी आणि ओली हळद घालून पंधरा दिवस ठेवायचा, मग गाळून मध घालायचा. मार्गशीर्षात थंडी पडली की घरातल्या प्रत्येकाने सकाळी चमचाभर कोमट पाण्यातून घ्यायचा. आबा पण घ्यायचे, तोंड वाकडं करून. गल्लीतली निम्मी माणसं वाट्या घेऊन यायची. सर्दी-खोकल्याला डॉक्टरकडे जाणं म्हणजे आमच्या गल्लीत मायचा अपमान होता.

तर तिच्या सायीतली अर्धी तिने कापून मला दिली होती. लाकडी डावाच्या कडेने कापली होती. सोन्याची काही वस्तू देतानाही तिने इतका विचार केला नसता.

अंबडला आमची खोली एका दोन मजली घरात खालच्या मजल्यावर होती. वर घरमालकीण राहायच्या, आम्ही त्यांना काकू म्हणायचो. नळाला ठरलेल्या वेळी पाणी, भिंतीपलीकडे दुसरा संसार, आणि सकाळी साडेसहाला सायकलींची रांग कारखान्यांकडे. पहिल्या हिवाळ्यात ह्यांना ग्राइंडिंगच्या धुळीने खोकला धरला. मी मायच्या पद्धतीने काढा केला आणि आठ दिवसांत ह्यांचा खोकला गेला. काकूंनाही एक लहान बाटली नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि "बरं, बघते" म्हणाल्या. मला वाटलं, मोरीत ओतली असेल.

खरं सांगायचं तर त्या वर्षी मला सगळ्याचीच लाज वाटत होती. मी तोंड उघडलं की 'शे' बाहेर यायचं आणि नळावरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. मी घरात एकटी असताना 'आहे, आहे' घोकायचे. परकर-पोलक्यातल्या पोरीने पाढे म्हणावेत तसे. सहा महिन्यांत माझी भाषा चकचकीत झाली. हे चेष्टेने म्हणायचे, "आता तुला नामपूरला दुभाषा लागेल."

फाल्गुनात मी पिंपळगावच्या ओळखीच्या माणसाकडून मणी आणवले, रस काढला आणि बरणीत ओतला. आठ दिवसांत तो फसफसायला लागला. गावी त्याला गोठा होता, वारा होता. इथे दहा बाय बाराची खोली आणि एक खिडकी. वास जिन्यात गेला, वर गेला. एका सकाळी काकू दारात उभ्या राहिल्या.

"मंगल, वास कसला येतोय गं? उद्या वर सत्यनारायण आहे. माणसं यायचीत."

एवढंच. त्या चिडल्या नव्हत्या. आज मला तो प्रसंग शब्दन् शब्द आठवतो आणि त्यात कुठेही राग सापडत नाही. पण मला तेव्हा ऐकू आलं ते हे की, ही गावंढळ बाई आमच्या घरात दारू गाळते. मी म्हणाले, "काही नाही काकू, पीठ आंबलं." ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरणी दोन दिवस माझ्या मित्राच्या गच्चीवर ठेवू, त्यात काय?" आणि शिफ्टला गेले.

मी थांबले नाही. हे गेल्यावर दार लावून घेतलं आणि सगळा रस मोरीत ओतला. साय तळातून उचलली, तेव्हा ती हाताला गार आणि जड लागली. वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली. मग बरणी सोड्याने घासली, गरम पाण्याने विसळली, आणि वास जाईना म्हणून पुन्हा घासली. उन्हात पालथी घातल्यावर ती इतकी स्वच्छ दिसत होती की मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी वर प्रसादाला गेले आणि सगळ्यांशी फार शुद्ध बोलले.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, तसं सगळं. मायने मी चप्पल काढायच्या आत विचारलं, "साय जिती शे ना?"

"आहे," मी म्हणाले.

ते पहिलं खोटं. वाटलं होतं, पुढच्या वेळी येईन तेव्हा हळूच मागून घेईन, म्हणेन थोडी कमी पडली. पण पुढच्या वेळी मायने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की मन्ही मंगल नाशिकमा लोकांना औषध देस. आता काय मागणार? दर वर्षी मी तिच्याकडून तयार काढ्याची एक बाटली मात्र आणायचे. "तुझा संपला का?" ती विचारायची. "शेजारीपाजारी वाटला," मी सांगायचे. तिला त्याचा इतका आनंद व्हायचा की ती दुसरी बाटली भरायची. बरणीत मी तोवर हरभऱ्याची डाळ ठेवायला लागले होते.

दोन-तीन वर्षांनी आम्ही ती खोली सोडली. निघताना काकू म्हणाल्या, "मंगल, तू पहिल्या वर्षी ते आंबट औषध दिलं होतंस ना, त्याने माझा जुना खोकला बसला होता. नंतर कधी दिलं नाहीस. मागायला मला बाई संकोच वाटला." मी विचारलं, "काकू, त्याचा वास येत होता तुम्हाला तेव्हा?" त्या म्हणाल्या, "येत होता की. मी म्हणणार होते, चार दिवस मागच्या पडवीत ठेव." मी सामानाच्या टेम्पोत बसून रडले. ह्यांना वाटलं, खोली सोडल्याचं दुःख आहे.

मग दोन हजार तीन साली भावाने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. द्राक्षबाग आधीच गेली होती, त्या जागी कांदा आणि थोडी डाळिंबं आली होती, पण माय दर वर्षी शेजारच्या बागेतून मणी आणून बरणी चालू ठेवत होती. बांधकामात कुणीतरी सिमेंटची गोणी टेकवली आणि बरणी फुटली. सिरका मातीत गेला, साय वाळूत. माझी भावजय सुनंदा फोनवर घाबरून सांगत होती. मागून मायचा आवाज आला, अगदी निवांत.

"मन्ही फुटनी त काय व्हयनं? नाशिकले शे ना मंगलकडे!" आणि मग फोन घेऊन, "आखाजीला येशी तवय वाटीभर लई ये, बेटी."

मी "आणते" म्हणाले.

आखाजीला दोन महिने होते. मी मणी आणून स्वतः रस लावला. त्यावर हिरवी बुरशी आली. पुन्हा लावला, तो नुसता नासला. भद्रकालीतल्या जडीबुटीच्या दुकानांत विचारलं, दोन अत्तरवाल्यांना विचारलं. एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने हसून सांगितलं, "बहन, वो तो घरों में होता था." शेवटी मी किराणा दुकानातून व्हिनेगरची बाटली आणली, पाण्यासारखी पांढरी. तिला रंग यावा म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचं पाणी घातलं. साय कुठे गेली विचारलं तर सांगणार होते, प्रवासात विरघळली. असं कधी होत नाही, हे मायला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

नव्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर तिने नवी बरणी आणून ठेवली होती. ताजा रसही काढून तयार. मी बाटली दिली. तिने झाकण उघडलं, वास घेतला, करंगळी बुडवून जिभेला लावली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"चांगला शे," ती म्हणाली. "आंबट शे."

आणि लाकडी डावाने हळूहळू तो सगळा रसात मिसळला. पावसाळ्यात रस नासला तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं की यंदा मणीच चांगले नव्हते. पुढे तिने बरणी लावली नाही. हात दुखतात म्हणाली. तिसऱ्या वर्षीच्या थंडीत ती गेली. शेवटचे दोन आठवडे तिला खोकला होता. खोकला वयाचा होता, छातीचा होता, सिरक्याने तो थांबला नसता, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. मी तिच्या उशाशी बसून सरबतासारखं गोड दुकानातलं औषध तिला पाजत होते. ती निमूट गिळत होती. तेव्हाही मी सांगू शकले असते. खोलीत आम्ही दोघीच होतो.

दहाव्याला सुनंदाने मला सांगितलं. "ताई, तुम्ही बाटली आणली ना, त्याच दिवशी मायनी वळखलं व्हतं. मी म्हटलं, विचारू का ताईला? तर म्हणे, 'तिले काही इचारू नको. शहरमा जागा ल्हान रहास. कोठे ठेवी ती?'"

त्या वाक्यावर मी आजवर जगते आहे. तिने माझ्यासाठी सबबसुद्धा स्वतःच शोधून ठेवली होती.

आता आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, बाल्कनी आहे, जागा भरपूर आहे. ती बरणी माळ्यावर आहे, डाळ केव्हाच काढून ठेवली. थंडीत मी दुकानातल्या व्हिनेगरमध्ये आलं-लसूण-अडुळसा घालते, मुलं नाक दाबून पितात, गुणही येतो थोडाफार. पण ते दर वर्षी संपतं. त्यातलं काही पुढच्या वर्षाला जात नाही. नामपूरला गेले की नव्या घरात मी पाहुणी असते. सुनंदा मला पाटावर बसवते, ओट्याला हात लावू देत नाही. माहेर कुठे उरलं असेल तर ते त्या ओट्यावरच्या एका क्षणात, जिथे एका बाईने माझं खोटं जिभेवर घेतलं आणि चांगलं आहे म्हणाली.

हे सगळं आज लिहायचं कारण पूनम. सुनंदाची मुलगी, माझी भाची. तिचं लग्न ठरलंय, जावई पुण्याला असतो. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आत्या, गल्लीत सगळ्या म्हणतात आजीची साय तुझ्याकडे शे. मला जाताना वाटीभर देशील ना?"

तिच्या आईने तिला खरं सांगितलेलं नाही. मायने झाकलेलं सुनंदानेही झाकून ठेवलं.

पूनम, तुला मी माळ्यावरची बरणी देईन. तुझ्या आजीने ती नामपूरच्या स्टँडवर माझ्या मांडीवर ठेवली होती. पण ती रिकामी आहे, बेटी. साय मरी गयी. मीच टाकी दिनी.