पांढऱ्या दगडाभोवतीची नांगरट

गौतम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेडशीजवळच्या एका पंपावर डिझेलसाठी ट्रॅक्टर लावून उभा होतो. नांगरटीचे दिवस, टँकर यायचा होता, आणि मी पंपवाल्याशी भांडत होतो. फोन खिशात टाकला आणि भांडण तसंच पुढे चालू ठेवलं... उलट आवाज चढवून. तीन वर्षांपासून मी गौतमशी बोलत नव्हतो. त्याच्यामुळे माझं वावर अडकलं, हे मी गावभर सांगितलं होतं. ते खोटं होतं असं आजही म्हणणार नाही.

आम्ही दोघं एका थ्रेशरवर मजुरी करायचो. पुढे घासाघीस करत करत मी तीन ट्रॅक्टर आणि सहा एकर उभे केले. त्याच्याकडे वडिलांचं दीड एकर राहिलं. तेलाची पाइपलाइन आमच्या शिवारातून जाणार असं कळलं तेव्हा मी सगळं गाव एका अटीवर बांधून घेतलं होतं: लाइन धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेनं न्या, मगच सही. चार बैठका कंपनीच्या साहेबांना दमवलं. पाचव्या बैठकीआधी गौतमनं सही केली, त्याच्यामागे सगळ्यांनी, आणि लाइन माझ्या वावराच्या मधोमध तिरपी गेली. लाइनीवरच्या त्या पट्ट्यावर पेरता येतं; विहीर, घर, झाड काहीच नाही. त्यात विहिरीची जागा शोधायला आणलेल्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ पाणी दाखवत उभा राहिला तो नेमका पट्ट्यावरच. सातबारा माझा, पाणी माझ्या पायाखाली, आणि मी कोरडा.

गौतमला त्याच लाइनवर पायी गस्तीचं काम मिळालं. हातात काठी, खांद्याला पिशवी. कुठे कुणी खणतंय का, उन्हात कुठे ओल दिसते का, गवताचा रंग बदलला का, हे बघत तो रोज माझ्या वावरातून जायचा. गळती अशीच कळते म्हणे. सुरुवातीला आम्ही बोलत होतो, म्हणजे भांडत होतो. फाट्यावरच्या हॉटेलात एकदा मी पेपर त्याच्यापुढे आपटला.

"पाह्य, तेल साफ करून जहाजानं परदेशात विकून राह्यले. वावर आमचं फोडा, अन् आमी पंपावर कॅन घेऊन उभे!"

"तुह्ये तीन ट्रॅक्टर का पाण्यावर चालतात बे?" तो चहा फुंकत म्हणाला. "सगळ्यात जास्त डिझेल तूच पेतं."

हॉटेलात हशा झाला. मी विचारलं, "सही काहून केली मंग?"

"दीड एकरवाला किती दिवस थांबन, भाऊ? तुह्यं पोट भरेल होतं."

मी जास्तच चिडलो. चिडून पट्ट्यावरच विहीर खोदायला मशीन आणलं. गौतम आला आणि काठी आडवी धरून बकेटच्या खाली जाऊन बसला. "खाली तेल हाय. तू मरशीन, हा मशीनवाला मरन. मले वर कंपनीत कळवाले लावू नको." मशीन परत गेलं. बोलणं त्या दिवशी तुटलं.

त्यानंतर पट्ट्यापासून वीसेक पावलांवर चुना लावलेला एक दगड रोवलेला दिसला. कंपनीनं हद्द वाढवली, असं मी धरून चाललो. खुणेचा दगड उपटला तर उलट आपल्यावरच येतं, हे मला ठाऊक. दरसाल नांगराचा फाळ त्याला वळसा घालून नेला आणि शिव्या दिल्या. गौतम एकदा धुऱ्यावरून ओरडला होता, "तो दगड कंपनीचा नाही. उन्हाळ्यात येऊन पाह्य तिथं!"

"घाल तुह्या डोक्यात!" मी म्हणालो होतो. त्याला बोललेले माझे शेवटचे शब्द ते...

गौतमच्या घरी त्याच्यामागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला गेलो. जाणार नव्हतो, पण गेलो. बुद्धवंदना झाली, खीर वाढली गेली. निघताना गौतमची बायको, वहिनी, दारापर्यंत आल्या आणि त्यांनी विचारलं, "भाऊ, विहीर खणली का?"

"कुठं खणू?"

"पांढऱ्या दगडापाशी. दरसाली घराले चुना मारला का उरलेला घेऊन ते तुमच्या वावरात जात. गळती समजून गवत हुंगलं, तं तेल नाही, निरा पाण्याची ओल निघाली म्हणे. म्हणत, त्या बैताडाले पाणी दिसत नाही, दगड तं दिसन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वावरात गेलो. चहूकडे ढेकळं तापलेली. दगडाभोवती मात्र माझ्याच फाळानं सोडलेलं गोल बेट, आणि त्यात हिरवीगार हरळी. बोट खुपसलं तर माती गार लागली. तीन उन्हाळे मी तिच्याभोवती ट्रॅक्टर फिरवला होता, डिझेल जाळून.

विहिरीवाला येऊन जागा बघून गेला. "पाणी पक्कं हाय, पण दगड काढा लागन," म्हणाला. चार वेळा त्याचा फोन येऊन गेला. आयुष्यभर मी समोरच्याला घायकुतीला आणून सौदे केले. इथे समोर कुणी नाही, आणि पाऊल पुढे पडत नाही. परवा पहार घेऊन गेलो. दगड हलवून पाहिला. पक्का रोवलेला आहे. घरी येऊन हात धुताना पाहिलं, तर तळव्याला चुना लागला होता.