दारात बसलेली गोळी

उखादादांनी आज सकाळची गोळी घेतली असेल का, हा विचार काही केल्या रूथच्या डोक्यातून जात नव्हता. ड्युटी संपवून ती घरी आली होती, गॅसवर आमटी उकळत होती, आणि हातातला डाव हातातच राहिला होता.

"आई, पेशंट घरी निघाला की तुझा जीव त्याच्या पिशवीत बसून जातो," स्वप्नाली म्हणाली.

लेकीचं बोलणं खोटं नव्हतं. खांडबाऱ्याजवळच्या एका दवाखान्यात रूथ बावीस वर्षं नर्स होती. हृदयाचा वेग कमी करणारी गोळी देण्याआधी ती पेशंटचं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजायची. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करणाऱ्या नव्या मुलींना विचारायची, "उरलेल्या अर्ध्या मिनिटात काय चहा प्यायचाय?" ठोके साठच्या खाली आले तर गोळी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारायचं. दमा आहे का, हेही आधी विचारायचं. मधुमेहाच्या पेशंटला ती बजावायची, "या गोळीवर साखर उतरली तरी छाती धडधडेलच असं नाही. घाम फुटतोय का बघत जा."

उखादादांना उन्हाळ्यात हार्ट अटॅक येऊन गेला. घरी जाताना त्यांनी विचारलं होतं, ही गोळी करते तरी काय? रूथनं खुशीत येऊन समजावलं, "माणूस घाबरला, चिडला, की शरीर हृदयाला निरोप धाडतं, पळ म्हणून. ही गोळी हृदयाच्या दारात बसते. निरोप्याला आत सोडत नाही. मग हृदय आपल्या चालीनं चालतं, थकत नाही."

आणि काल ते तपासणीला आले तर ठोके एकशे आठ. पाकिटात तीन गोळ्या जास्त.

"दादा, या कशा उरल्या?"

"शिस्टर, गावात डोंगऱ्यादेवाचा उत्सव मांडलाय. मी नवसाचा माऊली, देवापुढं नाचणारा. पावरी फुंकली अन् तिच्या सुरावर माझ्या अंगात देवाचं वारं आलं नाही, तर कसं चालंल? तुम्हीच म्हणल्या, गोळी दारात बसते, कोणाला आत सोडत नाही. मग देव येणार कुठून?"

रूथ दर रविवारी चर्चला जाणारी. आपल्या गोळीनं कुणाचा देव अडवला, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. डॉक्टर नवनीतांनी ईसीजी काढला, नवा बिघाड नव्हता. गोळी लगेच सुरू करायची आणि नाचायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

रूथनं पुन्हा समजावलं, "अशी अचानक बंद केली, की अडलेले सगळे निरोप एकदम आत घुसतात. पुन्हा अटॅक येऊ शकतो."

"मग देवही घुसंल की," उखादादा म्हणाले.

तिचं उदाहरण दुसऱ्यांदा तिच्यावरच उलटलं. तेवढ्यात सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, जमुनाबाईंनी तोंड उघडलं.

"तुमच्या बापाच्या अंगात वारं पायांतून चढायचं. आधी टाचा थरथरायच्या. छातीच्या दाराशी देवाचं काय काम?"

उखादादांनी जरा विचार केला. "ते खरंय," म्हणाले आणि तिथंच पाणी मागून त्यांनी गोळी गिळली.

"वारं आलंच तर बसल्या जागी येऊ द्या," जमुनाबाई म्हणाल्या. "नाचायला पोरं आहेत."

दुपारी ठोके ब्याण्णववर आले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी त्यांना सोडलं.

पण आज उत्सवाची शेवटची रात्र. पावरीच्या नादात माणसाला गोळीची आठवण राहते का? आणि राहिली तरी दाराचा विचार पुन्हा मनात आला तर?

"आता फोन केलास तर हसतील गं आई," स्वप्नाली म्हणाली.

"हसू देत."

रूथनं गॅस बारीक केला आणि जमुनाबाईंचा नंबर शोधला. आधी टाचांची चौकशी करायची, मग गोळीची, असं तिनं ठरवलं.