अनसूयाबाईंची बाग

नरखेडच्या एसटीवरचा ओळखीचा कंडक्टर मागच्या महिन्यात इतवारीतल्या माझ्या घरी आला आणि दारातच उभा राहिला. "जमादार, अनसूयाबाई गेल्या. ताप होता..." मला पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या भागातली माणसं मला अजून जमादारच म्हणतात. ते नाव बाईंच्याच तोंडून पसरलेलं.

त्यांच्या नवऱ्याला दारूने नेलं. मागे राहिली संत्र्यांची बाग आणि एक मुलगा. गावाजवळच्या नाल्यात मोहाच्या हातभट्ट्या लागायच्या. मी तिथल्या ठाण्यात असताना आमच्या नव्या साहेबांनी ठरवलं, गावातल्या बायांनी खबर द्यायची, आम्ही छापा घालायचा. खबर यायची, जीप निघायची, आणि नाल्यात आम्हाला फक्त कोमट राख सापडायची. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं.

"जमादार, तुमच्या जीपच्या धुरळ्याआधी तिथं खबर पोचते. ठाण्यातून कोन सांगून राहिलं?"

मग त्यांनीच तोड काढली. मी आणि दोन शिपाई साध्या कपड्यांत एसटीने उतरलो आणि कापूस वेचायला निघालेल्या बायांमागून भरदुपारी नाल्यात शिरलो. बायांनी सडव्याची, आंबवलेल्या मोहाची, मडकी दगडांनी फोडली. भट्टीवरचा सूर्यभान, गावातलाच तरणा गडी, पळालाही नाही. हातात बेड्या पडताना तो बाईंकडे पाहून शांतपणे म्हणाला, "मावशी, मोटर चालू ठेवजा. झाडाले पानी लागते."

तो जामिनावर सुटून आला आणि थोड्याच दिवसांत बागेच्या कडेचं एक झाड पिवळं पडलं. मग त्याच्या शेजारचं. कोणीतरी मुळांत काहीतरी ओतत होतं. आम्ही पहारा ठेवला, कोणी सापडलं नाही. झाडं मात्र एकामागून एक जात राहिली, पानं गळत राहिली... गावात जो तो समजून होता, बाई गप्प बसल्या की झाडं वाचतील. मीही एकदा तसं सुचवलं.

"काहून गा? झाडं गेली तं पुन्हा लावता येतात," एवढंच त्या बोलल्या, आणि पुढची खबर सांगू लागल्या.

पोळ्याच्या दिवशी बाहेरून दारू आली. तिच्यात स्पिरिट मिसळलेलं होतं. बैल सजलेले, तोरणाखाली वाजंत्री, आणि माणसं ओकत, डोळे चोळत जमिनीवर बसत होती. दोघं तिथेच गेले. ती दारू आणून स्वतःही प्यायलेल्या सूर्यभानला डोळ्यांनी दिसेना. त्याच्याजवळ कोणी जाईना. अनसूयाबाईंनी त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यायला आपल्या बैलगाडीत घातलं. मी सोबत होतो. वाटेत तो म्हणाला, "मावशी, झाडं मीच..."

"मले ठाऊक हाय. दांडी धरून बस, गाडी हेंदकाळते."

तो जगला, डोळे गेले. आमच्या ठाण्यातल्या फितूर हवालदाराचं नाव त्यानेच साहेबांना सांगितलं. हवालदार निलंबित झाला. पण ती दारू पाठवणारा कोण, हे कधीच कळलं नाही. सूर्यभानलाही तो फक्त आवाजाने माहीत होता.

परवा बाईंच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा बाजाराचा दिवस होता. पोळ्याच्या त्या प्रकारानंतर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गावच्या बाया बाईंच्या ओट्यावर जमतात. परवाही जमल्या होत्या, खांबाजवळची बाईंची जागा मोकळी सोडून. एका टोकाला सूर्यभान बसला होता. बोलता बोलता त्याने मान उचलली, वाऱ्याच्या दिशेने नाक वळवलं.

"सडवा," तो हळूच म्हणाला. "पांदीकडून येऊन राहिला वास."

मग मलाही तो आंबूस वास आला... बाईंची सून शेवंता उठली, पायांत चपला सरकवल्या.

"ठाण्यात कळवू?" मी विचारलं.

"पयले आपन पाहू, जमादार," ती म्हणाली आणि शेतांमधून जाणाऱ्या पांदीच्या वाटेने चालू लागली. उजेड कमी होत होता. एकेक बाई उठून तिच्यामागे निघाली. खांबाजवळची जागा तशीच मोकळी होती.