बंद जिनिंगमधला आईचा आवाज

शेलूबाजारच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक बंद जिनिंग आहे. माझी आई तिथे रेच्यावर होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रात ती दिवसभर कापूस टाकायची. आमच्याकडे सोयाबीन वाढलं, कापूस कमी झाला आणि जिनिंग बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, पत्रे उडाले, आत बाभळी उगवल्या. मी आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. रोज एसटीनं जिनिंगच्या भिंतीजवळून जाते, पण मान वळवून कधी बघितलं नव्हतं.

बघितलं ते माझ्या मैत्रिणीनं. अमरावतीला चित्रकला शिकताना आम्ही होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती अकोल्याची. दोघींत रेषा माझी बरी होती, असं सरसुद्धा म्हणायचे. पुढे मी नोकरी धरली, ती शिकायला बडोद्याला गेली. आता ती बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांत कलाकृती उभारायचं काम करते. त्या जागेपुरतंच असतं ते काम, उचलून दुसरीकडे मांडता येत नाही. तिचे फोटो फोनवर यायचे. मी खाली अंगठ्याचं चिन्ह टाकायची आणि फोन पालथा ठेवायची.

मागच्या हिवाळ्यात तिनं या जिनिंगच्या मालकाची परवानगी काढली आणि राहायला आमच्या घरी आली. ये म्हणणारी मीच. पहिल्या संध्याकाळी आईनं तिला विचारलं, "तिथं आता कायचं चित्र काढतं वं?"

"चित्र नाही काढत, मावशी. तुमी कुठं उभ्या राहे, तेवढी जागा दाखवा मले."

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून तिच्यासोबत गेली. मग रोजच जायला लागली. माझ्या शाळेतल्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं, त्याला मी दरवर्षी आईला बोलावते. दरवर्षी तिचे गुडघे दुखतात. जिनिंगच्या वाटेवर ते दुखत नव्हते. संध्याकाळी मी घरी यावं तर दोघी चुलीपाशी बसून हसत असायच्या आणि मला पाहून आई म्हणायची, "आली का? हातपाय धू." पुढचं बोलणं पुन्हा तिच्याशी.

एकदा मैत्रीण म्हणाली, "कापूस तोलायच्या काट्याची खोली रिकामी आहे. तू कर ना तिथं काही."

मी पेपर तपासायचे आहेत म्हणाले. तिच्या कामाच्या कोपऱ्यात मला उभं राहायचं नव्हतं.

काम लोकांना दाखवायच्या दिवशी वाशीम, अकोल्याहून माणसं आली, काही थेट मुंबईची होती. मीही गेले. आत शिरले आणि मला वाईट वाटलं, कारण काम चांगलं होतं. वाईट असतं तर मी निवांत घरी आले असते. जमिनीत रेच्यांचे बोल्ट अजून रोवलेले होते. तिनं प्रत्येक जागेवरून कापसाचा हातानं वळलेला दोर छताच्या कैचीपर्यंत ताणला होता. फुटक्या पत्र्यांतून ऊन दोरांवर पडत होतं. भिंतींना चिकटलेली कापसाची जुनी रुई तशीच, बाभळी तशाच. आणि प्रत्येक दोराच्या बुडाशी एक लहान स्पीकर होता. त्यातून त्या जागेवर काम केलेल्या बाईचा आवाज यायचा. वाकलं तरच ऐकू येई.

आईच्या जागेपाशी मी वाकले.

"पोटुशी होती मी," आई सांगत होती. "रेचा चालू असला का पोट्टी पोटात निजून राहे. रेचा थांबला का लाथा मारे. सुट्टीच्या दिवशी मले झोपू नाही दे. मग मी जात्यावर बसो. खडखड ऐकली का निजे ते."

ती पोट्टी मी. माझ्या शेजारी मुंबईची एक बाई वाकून तेच ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते. ते माझं होतं, आणि मला कळत होतं त्याच वेळी तिलाही कळत होतं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "हे मले काहून नाही सांगतलं कदी?"

आई तांदूळ निवडत होती. "तुले जिनिंगचं नाव काढलं का राग ये. तुया शाळेत कोणाले सांगू नको म्हने तू, माय रेच्यावर होती म्हणून."

"तिले सांगतलं पण."

"ते इचारे," आई म्हणाली. "आन् आयके."

मैत्रीण गेली. जाताना तिनं मला मिठी मारली. मीही मारली, पण माझे हात आखडलेलेच होते. काम उन्हाळाभर तसंच राहू द्यायला मालक तयार झाला होता. किल्ली त्यानं आमच्याकडे ठेवली. पुढच्या रविवारी मी कोळशाचे तुकडे घेऊन काट्याच्या खोलीत गेले. खोलीच्या एका भिंतीवर मी आई काढली, माणसाएवढी, ओंजळीत कापूस घेतलेली. भिंतीचे पोपडे पडत होते, कोळसा घसरत होता. तरी दुपार कधी टळली ते कळलं नाही. तसं काम मी कॉलेजनंतर केलं नव्हतं.

आईला दाखवायला नेलं.

"हात माये हायेत," ती म्हणाली. "नाक नाही."

मग तिनं फोन काढला, फोटो घेतला आणि तिथल्या तिथे मैत्रिणीला पाठवला, आणि सोबत स्वतःच्या आवाजात विचारलं, पोट्टीनं बरं काढलं का?

उत्तर लगेच आलं, भलं लांबलचक. ते आईच्या फोनवर आलं. आईनं ते फोन कानाला लावून दोनदा ऐकलं, मान डोलावली आणि मला म्हणाली, "चांगलं हाये म्हणते ते." पूर्ण काय म्हणाली, ते मी विचारलं नाही.