सरांचा तीन नंबरचा गाळा

गाळा भाड्याने देणं आणि पोटची मुलगी देणं यांत काडीचाही फरक नाही, असं मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आणि माझं नशीब असं, की नेमका त्याचाच गाळा मला हवा होता. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. सातिवलीतला आमचा छापखाना मालकाने बंद केला, हातात थोडे पैसे आले आणि मी एक जुनं झेरॉक्स मशीन घेऊन बसलो. मशीन ठेवायला जागा हवी ती कॉलेजच्या वाटेवर, हे शेंबड्या पोरालाही कळेल. स्टेशनकडून माणिकपूरमार्गे कॉलेजकडे जाणारा रस्ता तेव्हा सकाळ-संध्याकाळ पोरापोरींनी नुसता वाहायचा. त्या रस्त्यावर, आपल्या केळीच्या वाडीच्या पुढच्या पट्ट्यात, सरांनी पाच गाळे बांधले होते. सर म्हणजे गावातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले, शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोलाही सगळे ‘टीचर’च म्हणत, कारण त्याही शिक्षिका होत्या. म्हणजे त्या घरात गेलेल्या माणसाला पास किंवा नापास एवढे दोनच पर्याय होते.

मी गेलो तेव्हा सर ओट्यावर बसून वर्तमानपत्रातल्या चुकांखाली लाल पेनाने रेघा मारत होते. मी आपलं सरळ विचारलं, “तीन नंबरचा गाळा द्यायचा आहे असं कळलं.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “अर्ज करा.” मला वाटलं, नगरपालिकेचा काही नमुना असेल. तसलं काही नव्हतं. कोऱ्या कागदावर मला गाळा का हवा आहे, हे दहा ओळींत लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो कागद मला परत मिळाला. त्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका लाल गोलांत होत्या आणि खाली शेरा होता, ‘पुन्हा लिहून आणावे.’ मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. घरी शाळेत जाणारी मुलगी होती. तिच्यासमोर बसून मी तो निबंध पुन्हा लिहिला आणि तिने, माझ्याच पोटच्या पोरीने, आणखी एक चूक काढली. आता सांगा, जगात कुठल्या मालकाने भाडेकरूची ही अवस्था केली असेल?

बरं, माझा तरी कागद पास झाला. बाकीच्यांचे हाल ऐकले तर माझं भाग्यच म्हणायचं. बिअरचं दुकान काढायला एकजण दुप्पट डिपॉझिट घेऊन आला होता, त्याला ओट्याची पायरीसुद्धा चढू दिली नाही. ते समजण्यासारखं आहे. पण आइस्क्रीमवाल्याने काय पाप केलं होतं? चांगला माणूस, पाढे पाठ, अर्जात एकही चूक नाही. बोलता बोलता तो फक्त एवढंच म्हणाला की, “कॉलेजची पोरं काय हो, काहीही द्या, खातात.” सर उठून उभे राहिले. “ज्याला आपल्या गिऱ्हाइकाबद्दल आदर नाही, त्याला माझा गाळा नाही,” असं म्हणून त्यांनी त्याची छत्री त्याच्या हातात दिली. त्याने मागितलेला चार नंबरचा गाळा पुढे आठ महिने रिकामा राहिला. दलाल येऊन डोकं धरून बसत. ऐन कॉलेजच्या रस्त्यावरची जागा, शटर बंद, आणि सर रोज सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून येताना ते शटर समाधानाने पाहत जायचे.

करार सगळीकडे असतो तसाच अकरा महिन्यांचा होता. पण त्याला सरांच्या सुवाच्य अक्षरातलं एक पान टाचलेलं असे. पाणी मागणाऱ्याला पाणी द्यायचं, मग त्याने काही घेतलेलं असो वा नसो. रस्त्याने अंत्ययात्रा जात असेल तर शटर अर्धं ओढायचं. दुपारी झोपायला दुकान बंद करायचं नाही, कारण मुलं दुपारीच मोकळी असतात. आणि पाटी शुद्ध हवी. माझ्या पेंटरने लाल रंगात झोकात लिहिलं, ‘येथे झेरॉक्स काढुन मिळतील.’ सर आले, पाहिलं, गेले आणि स्टूल, ब्रश व निळा रंग घेऊन परत आले. सत्तरीकडे झुकलेला माणूस भर रस्त्यात स्टुलावर चढून माझा ‘ढु’ पुसून ‘ढू’ करतोय आणि खाली कॉलेजची पोरं उभी राहून टाळ्या वाजवताहेत! मी म्हटलं, “सर, निदान लाल रंग तरी आणायचा.” तर म्हणे, “चूक दुरुस्त केलेली दिसली पाहिजे.” पुढची नऊ वर्षं माझ्या लाल पाटीत एक निळं अक्षर होतं.

या टाचलेल्या पानावरची नववी अट मला पहिल्यांदा कळलीच नव्हती. ‘परीक्षेच्या काळात कागद बारीक करू नयेत.’ मी विचारलं, कागद बारीक म्हणजे? सरांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. पुढे मार्च आला तेव्हा समजलं. पोरं नोट्स आणायची आणि त्या मशीनवर लहान करून मागायची; इतक्या लहान, की अख्खा धडा तळहातात मावावा. कशाला, ते सांगायला नको. त्या रस्त्यावर सगळी दुकानं मार्चमध्ये त्याच्यावरच चालायची. समोरच्या दुकानापुढे लग्नघरासारखी गर्दी, आणि मी इकडे पंखा बंद करून बसलेलो. पंखा बंद, कारण गिऱ्हाईक नसताना पंखा चालू दिसला की सर आत येऊन स्वतः बटण दाबत.

दोन वर्षं मी ती अट पाळली. तिसऱ्या वर्षी मशीनचा महागडा ड्रम गेला, मुलगी बारावीला आली आणि माझा धीर सुटला. तीन दिवस, फक्त तीन दिवस मी कागद बारीक केले. चौथ्या दिवशी सर दुकानात आले. इस्टरच्या आधीचा त्यांचा उपवासकाळ चालू होता. त्या चाळीस दिवसांत मांसमच्छी बंद असल्याने त्यांचा राग एरवीपेक्षा ताजा असायचा. त्यांनी काउंटरवर एक चिठोरी ठेवली. तळहाताएवढी, मुंगीच्या अक्षरांची.

“हे काय आहे?”

“कागद आहे, सर.”

“कागद आहे ते मलाही दिसतं. कोणाचा?”

“मला काय माहीत? रस्त्यावर शंभर दुकानं आहेत.”

सरांनी चिठोरीच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे केसासारखी बारीक काळी रेघ होती. माझ्या मशीनच्या काचेला एक ओरखडा होता, त्याची रेघ माझ्या प्रत्येक कागदावर उमटायची. काच बदला म्हणून सर सहा महिने माझ्या मागे लागले होते. “ही रेघ तुमची,” ते म्हणाले.

मीही मग चिडलो. “सर, समोर सगळेच काढतात.”

“समोरचा गाळा माझा नाही.”

“मी नाही काढले तर तिकडे जाऊन काढतील. फरक काय पडला?”

“तिकडे जायला पन्नास पावलं चालावी लागतात,” सर म्हणाले. “त्या पन्नास पावलांत एखाद्याला वाटेल, नको. तेवढी पावलं तरी ठेवा.” आणि महिनाभरात गाळा खाली करा, असं सांगून ते निघून गेले. संध्याकाळी लेखी नोटीस आली. ऱ्हस्व-दीर्घ अर्थातच निर्दोष.

माझा असा संताप झाला होता की विचारू नका. पन्नास पावलं म्हणे! पोट माझं, मशीन माझं, गिऱ्हाईक माझं आणि पावलं मोजणार हे! घरी जाऊन मी तासभर बडबडलो. बायको तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “अहो, पण त्यांचं चुकलं काय?” त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवसापासून दलालाच्या स्कूटरवर मागे बसून गाळे पाहत फिरलो. एका गाळ्यात बरोबर मधोमध खांब होता; दलाल म्हणाला, त्याला आरसा लावा, शोभेल. एका गाळ्याला शटर होतं पण भिंत एक कमी होती. अखेर नवघरला एक गाळा पसंत केला, बोलणी केली आणि आपल्या दुकानातले कागदाचे रीम सुतळीने बांधायला लागलो.

तेवढ्यात सर दारात. “कुठे मिळाला?” मी तुटकपणे सांगितलं. ते सायकलवर टांग मारून गेले. दीड तासाने परत आले ते लालबुंद होऊन. “त्या गाळ्यात कंबरेपर्यंत पाणी भरतं!” ते दारातूनच ओरडले. “शेजारच्या शिंप्याने मला भिंतीवरची खूण दाखवली. कागदाचा धंदा करणार तुम्ही तिथे? जागा बघताना भिंतीला हात लावून बघतात, एवढंही कळत नाही? कोणी शिकवलं तुम्हाला?” आता ज्याने मला हाकललं, तोच मी कुठे चाललो म्हणून माझ्यावर ओरडत होता! मी म्हटलं, “मग राहू का इथे?” सर गडबडले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. मग गंभीरपणे म्हणाले, “नोटीस मी मागे घेणार नाही. एकदा दिली ती दिली. मुदत वाढवतो. अकरा महिने.” आणि पुढे दर अकरा महिन्यांनी करार होई आणि सोबत नोटिशीची मुदतवाढही येई. त्या गाळ्यात मी एकूण नऊ वर्षं काढली, त्यांतली सहा वर्षं माझी रीतसर हकालपट्टी झालेली होती.

मात्र त्या वर्षापासून परीक्षा आली की सर स्वतः दुकानात खुर्ची टाकून बसू लागले. माझ्या धंद्याचं वाटोळं व्हायला एवढं पुरेसं होतं. पोरगा नोट्स घेऊन आला की सर हात पुढे करत. “दाखव. हे कळलंय का तुला?” अर्धे तिथूनच पळत. जे पळत नसत, त्यांना माझ्याच वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर गणित शिकवलं जाई. अर्नाळ्याहून येणारी एक मुलगी होती, कोळ्यांची. पहिल्या दिवशी ती कागद बारीक करायलाच आली होती. सरांनी विचारल्यावर रडवेली होऊन म्हणाली, “गनित माला जमतच नाय, सर.” मी मनात म्हटलं, आता हिच्या ‘न’ला आणि ‘मा’ला लाल गोल पडणार. पण सरांनी तिच्यासाठी दुसरी खुर्ची ओढली. ती पुढे दोन वर्षं येत राहिली, पास झाली, बँकेत लागली. मी एकदा सरांना टोचलं, “माझा ‘ढु’ भर रस्त्यात पुसलात आणि तिचं ‘गनित’ चाललं तुम्हाला?” सर म्हणाले, “ती तिच्या घरची बोली आहे, तिच्यात ते बरोबरच आहे. तुमची पाटी कुठल्या बोलीत होती?”



मग टीचर गेल्या. त्यानंतर सरांनी वर्तमानपत्र नुसतं वाचायला सुरुवात केली, आणि ते पाहून मला बरं वाटलं नाही. गुडघे गेले, सायकल वाडीतल्या भिंतीला टेकून राहिली. मुलगा परदेशात होता, भला माणूस. तो येऊन त्यांना घेऊन गेला. पाच गाळे एक करून मोबाइलच्या मोठ्या शोरूमला दिले गेले. आम्हा सगळ्यांना त्याने पुरेसा वेळ दिला, वाकडं बोलायला जागा ठेवली नाही. निघायच्या दिवशी सर गाडीत बसले होते. मी काचेशी वाकलो. काही चांगलं बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, “नव्या जागेच्या भिंतीला हात लावून पाहिलात का?” मी हो म्हटलं. “उत्तरेची?” तिला लावला नव्हता. ते वैतागून मान हलवत होते तोवर गाडी सुटली.

आता माझं दुकान एव्हरशाईन सिटीत आहे. फरशी गुळगुळीत, भिंती चारी कोरड्या. मालक पुण्याला की दुबईला कुठेतरी असतो. मी त्याला अजून पाहिलेलं नाही. दर अकरा महिन्यांनी त्याचा माणूस करार घेऊन येतो, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारतो, आणि मी सही करतो. एकदा मी मुद्दाम करारावर माझंच नाव चुकीचं लिहिलं. त्याने कागद घडी करून पिशवीत टाकला आणि तो निघून गेला.